ब्राझिलियन जिउ-जित्सू: नवशिक्याने स्वतःचा साधा गेम प्लॅन कसा आखावा?

प्रश्न – नवा_पट्टा (पुणे)

नमस्कार. मी काही महिन्यांपासून पुण्यात ब्राझिलियन जिउ-जित्सू (मॅटवर पकड, लॉक आणि गळा आवळण्याचे डाव शिकवणारी कला) शिकत आहे. पट्टा पांढराच आहे, वय पस्तिशीच्या पुढे आहे आणि वजन साधारण 62 किलो आहे. वर्गात ज्यांच्याशी रोल (सरावाची झुंज) करावे लागते, त्यांतील बहुतेक जण माझ्याहून दहा-पंधरा किलोंनी जड आणि वयाने लहान आहेत.

आमच्याकडे दर आठवड्याला नवा विषय शिकवला जातो. त्यामुळे डावांची नावे मला पुष्कळ ठाऊक झाली आहेत आणि जोडीदार सहकार्य करत असेल तर ते करूनही दाखवता येतात. परंतु खरा राउंड सुरू झाला की त्यांतील एकही डाव योग्य वेळी सुचत नाही. समोरच्याने काही केले की मी त्यावर उपाय शोधू लागतो आणि उपाय सापडेपर्यंत तो पुढच्या स्थितीत पोहोचलेला असतो. बहुतेक राउंड मी साइड कंट्रोलखाली दबून संपवतो (म्हणजे समोरचा बाजूने माझ्या छातीवर आडवा पडून मला दाबून ठेवतो).

प्रशिक्षकांनी "स्वतःचा एक गेम प्लॅन तयार करा" असे सुचवले. मी व्हिडिओ पाहून एक यादी केली. तिच्यात स्पायडर गार्ड, डे ला रिवा, बेरिम्बोलो, ट्रँगल, दोन-तीन लेग लॉक असे बरेच काही आले आहे, पण तिच्याकडे पाहून मॅटवर नेमके काय करावे हे कळत नाही. आराखडा आक्रमणापासून सुरू करावा की बचावापासून? त्यात किती डाव असावेत? इतक्या लवकर ठरावीक डावांना बांधून घेतले तर शिकणे खुंटेल का? काही महिन्यांनी गी (सरावाचा जाड पोशाख) घालून एक छोटी स्पर्धा खेळण्याचाही विचार आहे. अनुभवी मंडळींनी सविस्तर मार्गदर्शन करावे, ही विनंती.

उत्तर 1 – जांभळा_पट्टा

आपल्या प्रश्नातील सर्वांत उपयोगी वाक्य "बहुतेक राउंड मी साइड कंट्रोलखाली दबून संपवतो" हे आहे, आणि आपला आराखडा तिथूनच सुरू व्हायला हवा. नवशिके सहसा आवडता चोक (गळा आवळणे) किंवा आर्मबार (कोपर ताणणारा लॉक) आधी ठरवतात आणि तिथपर्यंत पोहोचायचे कसे याचा विचार नंतर करतात. पण पाच मिनिटांतील चार मिनिटे जर आपण खाली दबलेले असाल, तर त्या चार मिनिटांसाठी काहीही न ठरवलेला आराखडा कागदावरच राहतो.

यादी बाजूला ठेवा आणि कागदावर फक्त स्थिती लिहा: उभे असताना, गार्डमध्ये (पाय समोरच्याच्या व आपल्या मध्ये ठेवून) खाली, समोरच्याच्या गार्डमध्ये वर, हाफ गार्ड (त्याचा एकच पाय आपल्या पायांत अडकलेला), साइड कंट्रोल, माउंट (पोटा-छातीवर बसणे) आणि पाठ (मागून पकडणे). प्रत्येक स्थितीसमोर डावाचे नाव लिहिण्याआधी "इथून मला कुठे जायचे आहे?" या प्रश्नाचे उत्तर लिहा. साइड कंट्रोलखाली असताना आपले ठिकाण सबमिशन (हार मानायला लावणारा डाव) नसून गार्ड आहे. माउंटखालीही तेच. गार्डमध्ये खाली असताना ठिकाण म्हणजे वर येणे, आणि वर आल्यावर ठिकाण म्हणजे समोरच्याचे पाय ओलांडून माउंटकडे जाणे. ठिकाण ठरले की तिथे नेणारा एकच रस्ता निवडा आणि तो अडला तर वापरायचा दुसरा एक लिहून ठेवा. गोंधळात सापडल्यावर आपल्याला "आता कोणता डाव?" असे विचारावे लागणार नाही, कारण कुठे जायचे हे आधीच ठरलेले असेल.

आता साइड कंट्रोलबद्दल थोडे जवळून लिहितो, कारण आपले सगळ्यांत मोठे काम तिथे आहे. पाठ मॅटला पूर्ण टेकलेली ठेवू नका, जमेल तितके समोरच्याच्या दिशेने कुशीवर वळा. एका हाताचा कोपरापासून मनगटापर्यंतचा भाग त्याच्या कमरेच्या हाडाशी आणि दुसऱ्या हाताचा तोच भाग त्याच्या मानेखाली अडसरासारखा लावा. हात सरळ करून त्याला छातीवरून ढकलण्याचा मोह होतो, पण कोपर शरीरापासून दूर गेले की तोच हात त्याला किमुरासाठी (खांदा पिळणारा लॉक) किंवा आर्मबारसाठी मिळतो. जड माणसाला हातांनी उचलायचे नसते. टाचा जवळ घेऊन कंबर वर उचला, म्हणजे ब्रिज करा. त्याचे वजन क्षणभर हलले की खाली येताना कंबर मागे सरकवा आणि त्या पोकळीत त्याच्याकडील गुडघा आत घाला. गुडघा पूर्ण आत गेला तर पाय त्याच्या पाठीमागे बांधून क्लोज्ड गार्ड घ्या. त्याचा एकच पाय अडकला तर हाफ गार्ड मिळाला, आणि तोही आराखड्यात यश म्हणूनच धरा. नवशिके इथे एकदा ब्रिज करून थांबतात. हा प्रयत्न सलग दोन-तीनदा, कधी लहान तर कधी मोठ्या हालचालीने करावा लागतो.

गार्डमध्ये खाली असताना आपण क्लोज्ड गार्ड निवडावा असे मला वाटते. त्यात समोरचा उठून सरळ बसला तर हिप बम्प स्वीप (स्वीप म्हणजे गार्डमधून समोरच्याला उलटवून वर येणे), हा एक धागा पकडा. समजा, तो आपल्या गार्डमध्ये पाठ ताठ करून मागे रेलला आहे. पाय सोडा, डावा हात मागे मॅटवर टेकवून उठून बसा, उजवा हात त्याच्या उजव्या खांद्यावरून पलीकडे नेऊन त्याच हाताला कोपराच्या वर आवळा आणि कंबर त्याच्या पोटात घुसवत त्याला त्याच्या उजव्या बाजूला लोळवा. तो हात टेकू शकला नाही तर आपण थेट माउंटमध्ये पोहोचता. त्याने उजवा हात सोडवून मॅटवर टेकवला तर ते मनगट आपल्या डाव्या हातात येते आणि किमुरा उघडतो. तो घाबरून डोके खाली घालत पुन्हा पुढे रेटू लागला तर मान गिलोटिनसाठी (समोरून मान काखेत धरून आवळणे) मिळते. हे तीन वेगळे डाव पाठ करण्याची गरज नाही, कारण उठून बसण्याची हालचाल एकच आहे आणि पुढे काय करायचे हे समोरच्याच्या उत्तरावरून ठरते. नवशिक्याच्या आराखड्यात असाच धागा शोधावा, ज्यात समोरच्याची प्रतिक्रिया आधीच धरलेली आहे.

वर असताना सध्या थोडक्यात ठेवा: गार्ड उघडण्यासाठी उभे राहा, नी कट पास करा (गुडघा त्याच्या पायांमधून सरकवत गार्ड ओलांडा), साइड कंट्रोल घट्ट करा, माउंटवर जा आणि गीच्या कॉलरने क्रॉस चोक लावा.

एवढेच पुरेल का, अशी शंका आपल्याला येईल. रॉजर ग्रेसी यांनी 2009 च्या जागतिक स्पर्धेत ब्लॅक बेल्ट गटात एकामागून एक प्रतिस्पर्ध्याला माउंटवरून क्रॉस कॉलर चोकनेच टॅप करायला (हार मान्य करायला) लावले. तो चोक पहिल्या काही महिन्यांतच शिकवला जातो, आणि तो येणार हे समोरच्या प्रत्येकाला ठाऊक होते. बेरिम्बोलो आणि डे ला रिवा वर्गात मन लावून शिका, फक्त या आराखड्यात आत्ता घालू नका. आराखडा राउंडसाठी असतो, आणि वर्गात शिकण्याला त्याने कोणतीही मर्यादा पडत नाही.

उत्तर 2 – तालीम_ते_मॅट (कोल्हापूर)

वरील उत्तराशी मी सहमत आहे, पण त्यात उभ्याने होणाऱ्या सुरुवातीचा विचार सुटला आहे. वर्गात जागा कमी असल्यामुळे अनेक ठिकाणी रोल गुडघ्यांवरून सुरू होतो आणि त्यामुळे नवशिक्याचा आराखडाही गुडघ्यांवरूनच सुरू होतो. स्पर्धेत मात्र दोघेही उभे असतात. या कलेचे मूळच ज्युदोत आहे. कोडोकान या जपानी ज्युदो संस्थेचे मित्सुयो माएदा 1914 साली ब्राझीलला पोहोचले आणि त्यांच्याकडून या कलेचा पाया घालणारे कार्लोस ग्रेसी शिकले. त्यामुळे उभ्याने लढणे हा या कलेतला उपरा भाग समजू नये.

मी मातीतल्या कुस्तीतून आलो आहे. आमच्या तालमीत वस्ताद एकच डाव महिनोन्‌महिने घोटून घेत आणि मगच दुसऱ्या डावाला हात लावू देत. म्हणून मी आपल्यालाही उभ्याने एकच गोष्ट ठरवायला सांगेन. आपले वय आणि वजन पाहता दोन पर्याय योग्य वाटतात. पहिला म्हणजे एकेरी पट, म्हणजे इथला सिंगल लेग. त्यात डोके समोरच्याच्या छातीला आतल्या बाजूने चिकटवून ठेवा. ते बाहेर राहिले किंवा खाली गेले की मान गिलोटिनमध्ये सापडते, आणि कुस्तीतून आलेल्या बहुतेक पोरांना पहिला धडा तिथेच मिळतो. दुसरा पर्याय म्हणजे एक हात कॉलरवर आणि एक बाहीवर घट्ट धरून स्वतः खाली बसणे आणि त्याला थेट आपल्या गार्डमध्ये ओढणे. वरील उत्तरातला क्लोज्ड गार्डचा धागा वापरायचा असेल तर हा दुसरा पर्याय त्याला चांगला जोडला जातो. मात्र पकड बसण्याआधी खाली बसलात तर समोरचा सरळ बाजूने निघून जातो.

आणखी एक गोष्ट, जी कुस्ती खेळलेल्या वाचकांसाठी जास्त महत्त्वाची आहे. कुस्तीत दोन्ही खांदे जमिनीला टेकले की चितपट, त्यामुळे संकटात पोटावर वळणे आमच्या अंगात मुरलेले असते. जिउ-जित्सूत पोटावर वळणे म्हणजे समोरच्याला पाठ देणे आहे, आणि मागून येणारा चोक हा या खेळातला सर्वांत अवघड प्रसंग आहे. इथे पाठीवर असणे लाजिरवाणे नाही, समोरच्याकडे तोंड असणे आणि पाय त्याच्या व आपल्या मध्ये असणे महत्त्वाचे आहे. ज्यांच्या अंगात कुस्ती आहे त्यांनी आराखड्याच्या पहिल्या ओळीत "पोटावर वळायचे नाही" असे लिहावे. ती सवय बदलायला डाव शिकण्यापेक्षा जास्त वेळ लागतो.

उत्तर 3 – ठाणे_मॅट

मी स्वतः पन्नास-बावन्न किलोंची आहे आणि वर्गात मला जवळजवळ नेहमीच माझ्याहून जड जोडीदारांशी रोल करावे लागते. म्हणून क्लोज्ड गार्डबद्दल थोडे वेगळे मत मांडते. समोरच्याची कंबर रुंद असेल आणि आपले पाय आखूड असतील, तर घोटे त्याच्या पाठीमागे जेमतेम अडकतात आणि सगळी शक्ती ते बांधून ठेवण्यातच जाते. अशा वेळी नी शील्ड लावलेला हाफ गार्ड अधिक टिकतो. वरचा गुडघा त्याच्या छातीवर आडवा ठेवायचा, खालच्या पायाने त्याचा एक पाय अडवायचा, आणि वरच्या हाताने त्याच्या काखेखालून आत शिरण्याची, म्हणजे अंडरहूकची संधी शोधायची. अंडरहूक मिळाला की त्याच्या काखेखालून डोके बाहेर काढत पाठीकडे चढायचे. नवा_पट्टा यांनी दोन्ही गार्ड काही आठवडे वापरून पाहावेत आणि आपल्या पायांना कोणता मानवतो ते स्वतः ठरवावे, कारण शरीराची ठेवण आम्हांला इथून दिसत नाही.

हलक्या माणसाने पाठ हे ठिकाण आराखड्यात आवर्जून ठेवावे. मार्सेलो गार्सिया यांनी एडीसीसीत (गीशिवाय खेळली जाणारी आंतरराष्ट्रीय ग्रॅपलिंग स्पर्धा) 77 किलोंखालील गट 4 वेळा जिंकला, आणि खुल्या गटात खूप जड खेळाडूंशी लढतानाही त्यांचा भर आर्म ड्रॅग (हात ओढून बाजूने मागे जाणे), पाठ आणि चोक यांवरच असे. यामागचे कारण समजून घेण्यासारखे आहे. समोरच्याच्या वर बसलो तर तो आपल्याला ढकलू शकतो आणि उलटवू शकतो, पण पाठीवर असलो तर त्याचे हात आपल्यापर्यंत नीट पोहोचत नाहीत आणि त्याचे वजन त्याच्या फारसे कामी येत नाही.

आराखडा लिहिला की तो पूर्ण राउंडमध्ये आजमावण्याची घाई करू नये. प्रशिक्षकांना विचारून ठरावीक स्थितीतून स्पॅरिंग करावे. आपण साइड कंट्रोलखाली, जोडीदार वर, आपण गार्ड मिळवला किंवा त्याने टॅप घेतला की पुन्हा तिथूनच सुरुवात. पाच मिनिटांच्या मोकळ्या राउंडमध्ये जी सुटका एखाद्याच वेळी करून पाहता येते, ती अशा सरावात अनेकदा करता येते. सुरुवातीला आपल्याच वजनाच्या किंवा आपल्याहून नवख्या जोडीदाराबरोबर करा, आणि मी अमुक गोष्टीचा सराव करत आहे असे त्याला मोकळेपणाने सांगा. वर्ग संपल्यावर वहीत दोनच गोष्टी लिहा: आज मी कुठे अडकलो आणि तिथे मी काय करायचा प्रयत्न केला. काही आठवड्यांनी तीच वही आराखड्यात काय बदलायचे ते सांगते.

आणि वयाचा विषय आला आहे म्हणून सांगते, सुटकेचा सराव करताना टॅप लवकर द्या. खांदा आणि कोपर यांच्या बाबतीत वेदना जाणवेपर्यंत थांबणे म्हणजे उशीर झालेला असतो. एका दुखापतीने सरावाचे अनेक महिने जातात, आणि सराव थांबला तर कितीही चांगला आराखडा व्यर्थ आहे.

उत्तर 4 – स्पर्धा_सोबती

स्पर्धेचा उल्लेख आहे म्हणून गुणांबद्दल लिहितो. आयबीजेजेएफच्या (आंतरराष्ट्रीय ब्राझिलियन जिउ-जित्सू महासंघ) नियमांत टेकडाउनला (उभ्याने खाली पाडणे) 2, स्वीपला 2, नी ऑन बेलीला (पोटावर गुडघा ठेवणे) 2, गार्ड पासला 3, आणि माउंट व पाठ यांना प्रत्येकी 4 गुण आहेत. स्थिती 3 सेकंद स्थिर ठेवली तरच गुण मिळतात, आणि ही अट नवशिके विसरतात: स्वीप करून लगेच सबमिशनकडे धाव घेतात आणि हातचे गुण घालवतात. आपल्या आराखड्याच्या दृष्टीने मोलाची गोष्ट ही की हिप बम्प स्वीपने थेट माउंटमध्ये पोहोचलात आणि तिथे टिकलात, तर स्वीपचे 2 आणि माउंटचे 4 असे एकूण 6 गुण मिळतात. याउलट, माउंटखालून ब्रिज करून समोरच्याला उलटवले तर त्या उलटवण्याला गुण नाहीत, कारण स्वीप गार्डमधूनच सुरू व्हावा लागतो. स्वतः गार्डमध्ये खाली बसण्यालाही कोणाला गुण मिळत नाहीत, मात्र त्या वेळी हातात समोरच्याची पकड असावी लागते.

पांढऱ्या पट्ट्याला उडी मारून क्लोज्ड गार्ड घेण्यास आणि मनगटाच्या लॉकला मनाई आहे. गीमध्ये हील हूक (टाच पिळणारा लॉक) कोणत्याही पट्ट्याला चालत नाही, आणि नी बार (गुडघा ताणणारा) व टो होल्ड (पाऊल पिळणारा) तपकिरी पट्ट्यापासून पुढेच चालतात. आपल्या यादीतील लेग लॉक कोणते आहेत ते तपासा. सरळ अँकल लॉक सोडून बाकीचे बहुधा गळतील. स्थानिक स्पर्धांचे नियम थोडे वेगळे असू शकतात, त्यामुळे नोंदणीच्या वेळी नियमपत्रक मागून घ्यावे. पस्तिशीपुढील खेळाडूंसाठी मास्टर गट असेल तर त्यात नाव द्यावे.

नवा_पट्टा (पुणे)

सर्वांचे मनापासून आभार. आपल्या सूचनांवरून असा मसुदा केला आहे. उभे असताना: कॉलर आणि बाही धरून गार्डमध्ये ओढणे. क्लोज्ड गार्डमध्ये: समोरचा ताठ बसला तर हिप बम्प, हात टेकवला तर किमुरा, डोके खाली घातले तर गिलोटिन. जोडीदार रुंद असेल तर नी शील्ड आणि अंडरहूक. साइड कंट्रोलखाली: कुशीवर वळणे, अडसर, ब्रिज, कंबर सरकवून गुडघा आत. माउंटखाली: कोपर आणि गुडघा जुळवून हाफ गार्ड, ते अडले तर हात व त्याच बाजूचा पाय अडकवून ब्रिज. वर असताना: नी कट, साइड कंट्रोल, माउंट, क्रॉस चोक. यात काही उणीव दिसते का?

जांभळा_पट्टा

मसुदा चांगला आहे आणि वापरण्याजोगा आहे. तीन जागा दुरुस्त करा.

पहिली, क्लोज्ड गार्डमधला आपला सगळा धागा समोरचा ताठ बसला आहे यावर उभा आहे. तो आपल्या छातीला चिकटून राहिला तर काय, हे लिहिलेले नाही. अनेक जड माणसे मुद्दाम तसेच राहतात. तेव्हा दोन्ही हातांनी त्याच्या खांद्यांशी अडसर लावा आणि कंबर थोडी बाजूला सरकवून जागा करा. त्याने जागा दिली की तो आपोआप उठू लागतो आणि धागा तिथून सुरू होतो.

दुसरी, गिलोटिन कधी सोडायचा हे ठरवा. त्याने आपले पाय ओलांडून साइड कंट्रोल मिळवला तरी नवशिके मान धरून ठेवतात. मग तो खांदा गळ्यावर दाबून उलट आपल्यालाच चोक करू शकतो. त्याला व्हॉन फ्लू चोक म्हणतात. त्याचा पाय आपल्या पायांच्या पलीकडे गेला की मान सोडून लगेच अडसर लावा.

तिसरी, पाठ गेली असताना काय करायचे याची ओळच नाही. तिथे आधी चोक थांबवायचा आणि मग सुटायचे: गळ्याभोवती येणारा हात दोन्ही हातांनी धरा, हनुवटी खाली घ्या आणि स्वतःची पाठ त्याच्या छातीवरून काढून मॅटवर टेकवण्याचा प्रयत्न करा. त्याच्या पायांचे हूक (आपल्या मांड्यांत अडकवलेली पावले) काढण्याची घाई चोक थांबल्याशिवाय करू नका. ही ओळ लिहून प्रशिक्षकांना दाखवा आणि पुढच्या वर्गात पाठ गेलेल्या स्थितीतून दोन छोटे राउंड मागून घ्या.